शिशाचा छर्रा, पोलादाचा छर्रा

‘बारा बोअर’ बंदुकीच्या नळीचा व्यास किती? १२ मिलिमीटर, असे तुम्ही म्हणाल तर चुकाल. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम आणि शिशाची घनता ११.३ ग्रॅम प्रति घन सें. मी. घेऊन व्यास काढा. तो सुमारे १८.५ मिलिमीटर येईल. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद असते!

पुष्कळशा नळ्या तोंडाशी किंचित निमुळत्या असतात. या निमुळतेपणाला ‘चोक’ म्हणतात. पूर्ण चोकमध्ये व्यास जेमतेम १ मिलिमीटरने घटतो. पण ३६ मीटरांवरील ७६ सें. मी. व्यासाच्या वर्तुळात बिनचोक नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे पडतात, तर पूर्ण चोकचे ७० टक्के.

दलदलीत पडलेले शिशाचे छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात. पेषणीत ते झिजतात, शिसे रक्तात भिनते आणि पक्षी मरतात. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना देशभर बंदी आहे. त्यांची जागा मुख्यतः पोलादाने घेतली. मग नुसते काडतूस बदलले की झाले? नाही.

पोलादाची घनता ७.८. वस्तुमान तेवढेच ठेवायचे, तर व्यास ११.३/७.८ च्या घनमूळाइतका, म्हणजे १.१३ पट हवा. ३.३ मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्याऐवजी सुमारे ३.७ मिलिमीटरचा पोलादी छर्रा! शिकारी ‘दोन नंबर मोठा’ छर्रा घेतात, तो ३.८ मिलिमीटरचा असतो. अनुभव आणि गणित कसे जुळले पाहा. मात्र आकार वाढला की हवेचा रोधही वाढतो. वेग लवकर घटतो आणि पल्ला कमी होतो.

दुसरा प्रश्न कठीणपणाचा. मऊ शिसे चोकमधून जाताना चेपते. पोलाद चेपत नाही. जुन्या बंदुकीच्या पूर्ण चोकमधून मोठे पोलादी छर्रे झाडले, तर नळीचे तोंडच फुगू शकते. म्हणून पोलादासाठी कमी चोक वापरतात. त्याने नुकसानही होत नाही, कारण न चेपलेले, गोल राहिलेले छर्रे कमी फाकतात.

बिस्मथचेही छर्रे मिळतात. त्याची घनता ९.८ धरा आणि ३.३ मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्याइतक्याच वस्तुमानाच्या छऱ्याचा व्यास तुम्हीच काढून पाहा.