रिकामा टायर, भरला टायर



आपल्या सोलापूर जिल्ह्यात जुना टायर नाही अशी वस्ती शोधून सापडायची नाही. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून छपरावर टायर. लिंबाच्या फांदीला झोपाळा म्हणून टायर. ट्रॅक्टरचा, जीपचा, टायरगाडीचा निकामी टायर गोठ्यामागे पडलेला असतो. पंक्चरवाल्याच्या दुकानामागे तर त्यांची उतरंड लागलेली असते. आपण लहान मुले काठीने टायर पळवतो आणि खेळ संपला की तिथेच टाकून घरी जातो.

तो पडलेला टायर आपले काय वाईट करतो आणि त्याचे आपण काय चांगले करू शकतो, ते मी या लेखात सांगणार आहे. आमच्या वर्गाने शाळेच्या परसबागेत सहा टायर लावले आहेत. त्यामुळे यातले बरेचसे आम्ही हाताने करून पाहिलेले आहे.

टायर कशाचा बनतो?

रबराच्या झाडाला चीर दिली की पांढरा चीक गळतो. आपल्या देशात ही झाडे सर्वांत जास्त केरळात आहेत. नुसत्या चिकाचे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होते. त्यात गंधक घालून तापवले तर ते टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली कळले. पुढे १८८८ साली जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला.

आजच्या टायरात रबर आणि गंधक यांशिवाय काजळी, जस्ताचे संयुग, तेले आणि पोलादी तारा असतात. काजळीमुळे टायर काळा दिसतो. इतका मजबूत माल कुजत नाही. जमिनीत पुरला तरी वर्षानुवर्षे तसाच राहतो. जाळला तर काळाकुट्ट धूर निघतो आणि त्यात विषारी वायू असतात. म्हणून होळीत किंवा थंडीच्या शेकोटीत टायर टाकू नये. तो धूर आपल्याच छातीत जातो.

रिकामा टायर म्हणजे डासांचा रांजण

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर डेंग्यूचा ताप आला होता. माझ्या बाकावरची मैत्रीण तीन आठवडे शाळेत आली नाही. तिला सलाइन लावावे लागले. तिच्या आईची मजुरी बुडाली ती वेगळीच. त्या वेळी आशाताई बॅटरी घेऊन घरोघर आल्या. त्यांनी रांजण पाहिले, बॅरल पाहिले आणि मग शिडी लावून पत्र्यावरचे टायर पाहिले. टायरात तांब्याभर पाणी होते आणि त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आम्ही पोरे एकामागून एक शिडीवर चढून बघून आलो.

डेंग्यूचा डास एडिस जातीचा असतो. तो दिवसा चावतो. गटारापेक्षा त्याला साठलेले स्वच्छ पाणी जास्त आवडते. टायर आतून पोकळ आणि कडा वळलेला असतो. त्यात पावसाचे पाणी शिरते, पण बाहेर पडत नाही. आत सावली असल्याने ते लवकर आटतही नाही. डासाच्या मादीला अंडी घालायला याहून सोयीची जागा कुठे मिळणार?

यातली खरी गोम पुढेच आहे. मादी आपली अंडी पाण्याच्या काठाला, टायरच्या आतल्या भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिले तरी ती तिथेच राहतात. सुकली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी आले की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. त्या दिवशी भांडी नुसती रिकामी करायची नाहीत, तर आतून घासून कोरडी करायची. रांजण घासता येतो. टायरच्या पोकळीत हात घालून कोण घासणार?

ही गोष्ट साऱ्या जगाची आहे. एडिस जातीचाच एक पट्टेरी डास, ज्याला आशियाई वाघडास म्हणतात, १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहराजवळ सापडला. तो जुन्या टायरांच्या मालातून समुद्रापलीकडून तिथे पोचला, असे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. अंडी सुकून टायरला चिकटलेली असली म्हणजे त्यांना जहाजाचा प्रवास जड जात नाही.

तेव्हा टायर रिकामा ठेवायचा नाही, ही पहिली गोष्ट. तो मातीने गच्च भरला तर पाणी साचायला जागाच उरत नाही. आणि माती भरलीच आहे, तर मग त्यात भाजी का लावू नये?

टायर निवडणे आणि मोजणे

टायरवर आकडे असतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर ६.००-१६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा आतल्या रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. मागच्या मोठ्या टायरवर १३.६-२८ असे आकडे सापडतात. २८ इंच म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर. गणिताच्या तासाला आम्ही हेच मोजले. पुढच्या टायरला सहा घमेली माती लागली. मागच्याला चाळीसच्या आसपास लागली आणि आमचे हात भरून आले.

मोटारसायकलचा टायर घेऊ नये. तो फार अरुंद असतो. ज्याच्या तारा बाहेर आल्या आहेत किंवा ज्याच्या रबराचा भुगा पडतो, तोही घेऊ नये.

कृती

१) टायर आधी उन्हात आपटून पाहावा. आत विंचू असतो. हात घालण्यापूर्वी काठीने ढोसावे.

२) टायर आतून-बाहेरून पाण्याने घासून धुवावा.

३) वरची बाजू कापून काढली तर तोंड मोठे होते आणि आत कप्पा राहत नाही. रिम बसते त्या कडेत पोलादी तारांचे कडे असते. त्यावर सुरी चालवू नये. त्याच्या बाहेरच्या बाजूने गोल कापावे. पात्याला साबणाचे पाणी लावले की ते सरकते. हे काम मोठ्या माणसानेच करावे. आमच्याकडे गुरुजींनी केले.

४) खालच्या बाजूला सुताराच्या गिरमिटाने पाच-सहा भोके पाडावीत. तापलेल्या सळईने पाडू नयेत. रबर जळून धूर होतो.

५) टायर सपाट जागी ठेवावा. सहा तास तरी ऊन मिळावे. एकदा माती भरली की तो हलत नाही.

६) दोन वाटे माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. आपली काळी माती नुसतीच भरली तर उन्हात भेगाळते आणि पाण्याने चिकटते. माती भरताना टायरच्या पोटात हाताने कोंबावी. तिथे पोकळी राहिली तर सगळी मेहनत फुकट.

७) काळा टायर उन्हात तापतो आणि कडेची मुळे भाजतात. म्हणून बाहेरून चुन्याचा हात द्यावा. वरून पालापाचोळा पसरावा.

काय लावले, किती दिवसांत आले

मेथी सर्वांत लवकर येते. पंचवीस ते तीस दिवसांत ती काढायला झाली. कोथिंबिरीसाठी धने चोळून दोन भाग करावेत आणि मग पेरावेत. ती सव्वा महिन्याने आली. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावले. तिची पहिली तोडणी दीड महिन्याने झाली. पुढच्या छोट्या टायरात मिरचीची दोन किंवा वांग्याचे एक रोप बसते. मोठ्या टायराच्या मधोमध काठी रोवून दोडक्याचा वेल चढवला.

पाण्याचे म्हणाल तर छोट्या टायराला सकाळी दोन तांबे पुरतात. उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी दोन. पाणी इकडेतिकडे पसरत नाही, झाडाच्या बुडाशीच राहते. आम्ही दुपारच्या जेवणाआधी नुसत्या पाण्याने भाज्या धुतो, तेच पाणी टायरांना घालतो. साबणाचे पाणी घालत नाही. आपल्याकडे पाऊस कमी. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला हा हिशोब पटेल.

परसबागेतली मेथी शालेय पोषण आहारात गेली. डाळीत हिरवे पान दिसले की बाजूला काढणारी मुलेही या वेळी गप जेवली, कारण ती त्यांनीच पेरली होती.

आजीची शंका

हे घरी सांगितले तेव्हा आजी म्हणाली, “अगं, रबरातली भाजी खायाची व्हय? त्याचं इख उतरत नाही का?” आजीची शंका खरी आहे, म्हणून मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी सांगितले ते असे. टायरातले जस्त थोडे थोडे पाण्यात उतरते. रबराचा बारीक भुगा असेल तर जास्त उतरते आणि माती आंबट असेल तरीही जास्त उतरते. अखंड टायरातून ते सावकाश उतरते. आपल्या बहुतेक काळ्या जमिनीत चुनखडी असते, त्यामुळे ती आंबट नसते. तरीपण काळजी घ्यावी. फुटका, भुगा पडणारा टायर वापरू नये. मुळा, गाजर, बटाटा, रताळे टायरात लावू नये. वांगी, भेंडी, दोडका ही फळे मातीपासून वर लागतात, ती बरी. पालेभाजी कडेला न पेरता मधोमध पेरावी आणि धुऊन खावी. शेणखत भरपूर घालावे. आणि ज्यांचे मन घेत नाही त्यांनी झेंडू, शेवंती, गुलाब लावावा. टायर भरलेला राहिला म्हणजे झाले.

आजीला हे पटले. पण मेथी तिने अजून वाफ्यातच पेरली आहे. आमच्या टायरात झेंडू आहे.

टायर म्हातारा झाला तर?

काही वर्षांनी रबराला भेगा पडतील. मग माती काढून घ्यावी आणि टायर भंगारवाल्याला द्यावा. जुन्या टायरांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी सरकारने २०२२ च्या नियमांनी टायर बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आपण तो जाळला नाही आणि ओढ्यात फेकला नाही, तरच तो तिथपर्यंत पोचेल.

आपण काय करावे?

पालकांनो, घरी गेल्यावर एकदा पत्र्यावर नजर टाका. तिथला टायर उतरवून त्याच्या जागी दगड किंवा वाळूचे पोते ठेवा. उतरवणे जमत नसेल तर टायराला खालून भोके पाडा, म्हणजे पाणी थांबणार नाही. मित्रांनो, टायर पळवून झाला की तो छपराखाली ठेवा. आणि ज्या टायराचे काहीच करायचे नसेल तो शाळेत आणून द्या. परसबागेच्या कुंपणाजवळ अजून चार टायरांची जागा आहे. माती आम्ही भरू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी