रायफल, लघुव्यासी : प्रथम निवड

नळीचा अंतर्व्यास ०·२२ इंच (सु. ५·६ मिमी.) वा त्याहून कमी असलेल्या आणि मुख्यतः लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीस लघुव्यासी रायफल म्हणतात. ५·५६ मिमी. सैनिकी रायफलीचा व्यास जवळजवळ तेवढाच असला, तरी तिचे काडतूस कितीतरी प्रबळ असल्याने तिचा या वर्गात समावेश होत नाही. दारूच्या स्फोटावर चालणारी ०·२२ रायफल आणि दाबित हवेवर चालणारी ०·१७७ इंच (४·५ मिमी.) हवाई रायफल असे या वर्गाचे दोन प्रकार नवशिक्यापुढे असतात. मर्यादित पैशात यांपैकी पहिली कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर किमतीचा वाटतो. वस्तुतः तो कायदा, सरावाची सोय आणि काडतुसांचा आवर्ती खर्च यांचा आहे.

०·२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत तयार झाले. त्याचा स्फोटक पूरक बुडाच्या कडेत भरलेला असतो व आघातक कडेवर आपटल्याने तो पेटतो. सु. २·६ ग्रॅ. वजनाची शिशाची गोळी साधारणतः सेकंदास ३२५ मी. वेगाने निघते. स्पर्धेच्या काडतुसांत हा वेग मुद्दामच ध्वनिवेगाखाली ठेवतात, कारण ध्वनिवेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीचा मार्ग किंचित ढळतो. धक्का व आवाज कमी, त्यामुळे शिकणाऱ्यास हे काडतूस सुखावह वाटते. तथापि ही गोळी सु. दीड किमी. अंतरापर्यंत जाऊ शकते. शेताच्या बांधावर किंवा माळावर मागे मातीचा भक्कम बंधारा नसताना सराव करणे म्हणूनच घातक होय. महाराष्ट्रातील अनेकांची या रायफलीशी पहिली ओळख राष्ट्रीय छात्रसेनेत झालेली असते. छात्रसैनिक २५ मी. पल्ल्यावर आडवे पडून काही थोड्या फैरी झाडतो आणि तेवढ्यावरच स्वतःची रायफल असावी अशी इच्छा निर्माण होते.

शिकारीसाठी तिचा विचार करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे. धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंगघाट अभयारण्य आहे व मराठवाड्याच्या माळरानावर दिसणारा काळवीट तर अधिनियमाच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. पिके उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांना आवर घालण्यासही ०·२२ गोळी निरुपयोगी ठरते. जनावर केवळ जखमी होऊन अधिक धोकादायक बनते.

कायदा : ०·२२ रायफल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. त्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या रायफल संघाच्या वा संघटनेच्या सभासदास लक्ष्यसरावासाठी ०·२२ रायफलीचा परवाना देण्याची खास तरतूद अधिनियमाच्या तेराव्या कलमात आहे. म्हणून आधी सभासदत्व आणि मग रायफल हाच क्रम सोयीचा. पैसे वाचविण्यासाठी नातलगाची किंवा कागदपत्रे नसलेली रायफल ‘तात्पुरती’ घरी आणणे हा मोठाच अविचार होय. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. वारसाहक्काने आलेले शस्त्रही परवान्यावर नोंदवून घ्यावे लागते. याउलट ४·५ मिमी.पर्यंत व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई रायफलीस शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवाना लागत नाही, १० मी. स्पर्धेच्या हवाई रायफलीची ऊर्जा साधारणतः ७·५ जूलच असते. २१ वर्षांखालील शिकाऊ नेमबाजास संघाच्या देखरेखीखाली संघाच्याच शस्त्राने शिकणे शक्य असते.

खर्च : आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ६० फैरी आणि वर्षाचे ४० आठवडे असा माफक सराव धरला, तरी ७,२०० काडतुसे लागतात. वापरलेली रायफल स्वस्तात मिळाली, तरी काही काळातच काडतुसांचा खर्च तिच्या किमतीला मागे टाकतो. शिवाय वर्षभरात किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा परवान्यावर नोंदलेली असते. स्पर्धेचे अंतर ५० मी. असल्याने तेवढा सुरक्षित पल्ला लागतो तो वेगळाच. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडा संकुल धाराशिवहून सु. २५० किमी. दूर आहे, दर आठवड्यास तेथे जाणे सामान्य कुटुंबास परवडणारे नाही. हवाई रायफलीस १० मी.ची खोली पुरते आणि एका ०·२२ काडतुसाच्या पैशात अनेक छर्रे येतात. १० मी. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ०·५ मिमी., तर ५० मी. लक्ष्यावरील १०·४ मिमी. व्यासाचे असते. त्यामुळे श्वास, चाप ओढणे व शरीर स्थिर ठेवणे यांतील दोष हवाई रायफल अधिक कठोरपणे दाखविते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या नवशिक्याने प्रथम तीच घ्यावी, हे सर्वसाधारणपणे योग्य ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल त्रिस्थिती प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. त्यांची जडणघडण शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि तरीही या खेळाच्या खर्चासाठी त्यांच्या वडिलांना कर्ज काढावे लागले. संस्थेचा आधार असूनही ही स्थिती, तर एकट्याने खरेदी करणाऱ्याने पहिल्याच रायफलीत सर्व पुंजी घालू नये.

निवड : हवाई रायफलीत स्प्रिंग व दट्ट्याची रायफल सर्वांत स्वस्त असते, परंतु गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच दट्ट्याचा झटका बसतो व नेम हलतो. खेळ पुढे न्यायचा असेल, तर आधीच भरलेल्या दाबित हवेच्या नळकांड्याची वापरलेली स्पर्धा-रायफल अधिक हिताची. आन्शुट्झ, वाल्थर, फाइनव्हेर्कबाऊ या जर्मन कंपन्यांच्या अशा रायफली हस्तांतरित होत असतात. नळकांड्यावरील तारीख मात्र अवश्य पहावी. सु. २०० बार दाब सोसणाऱ्या या नळकांड्यांना उत्पादक सामान्यतः दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेले नळकांडे भरणे जिवावर बेतू शकते व नवे घेण्याचा खर्च किमतीत धरावा लागतो.

०·२२ रायफल जुनी घेताना दस्त्यावरील ओरखड्यांपेक्षा नळीकडे लक्ष द्यावे. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली असेल, तर गोळीमागील वायू एका बाजूने आधी निसटतो आणि उत्तम नळीही फैरी विखुरते. आत गंजाचे खड्डे नसावेत. आधारावर ठेवून ५० मी.वर दहा फैरी झाडल्यास त्या साधारण २० मिमी. व्यासात बसाव्यात. एकच नळी एका घाणातील काडतुसांनी उत्तम, तर दुसऱ्या घाणातील काडतुसांनी मध्यम फळ देते; म्हणून दोन-तीन प्रकारची काडतुसे वापरून पाहिल्याशिवाय नळीला दोष देऊ नये. आघातक रिकाम्या कोठीवर वारंवार पाडल्याने काडतूस बसण्याच्या जागेची कड ठेचली जाते व फैरी चुकू लागतात. जुन्या सराव-रायफलींत हा दोष नेहमी आढळतो.

मापाचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो वास्तविक आरंभी करावा. दस्ता खांद्यास टेकवून चाप पहिल्या पेऱ्याने सहज ओढता यावा, मान न वाकविता डोळा मागील दर्शकाच्या छिद्रासमोर यावा. दस्त्याची लांबी व गालपट्टी कमीजास्त करता येणारी रायफल वाढत्या वयाच्या मुलास अनेक वर्षे पुरते. प्रबळ डोळा डावा असल्यास डावखुरी रायफल शोधावी. स्पर्धेत हवाई रायफलीस ५·५ किग्रॅ.पर्यंत वजनाची मुभा असली, तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलास एवढे वजन उभ्या स्थितीत पेलत नाही व पाठीस बाक देऊन तोल सावरण्याची सवय जडते. ती पुढे प्रयासाने मोडावी लागते.

उन्हाळ्यातील बारीक धूळ खटक्याच्या तेलात बसून घासकागदासारखे काम करते, तर पावसाळ्यात नळी गंजते. म्हणून तेल अल्प वापरावे व नळी नेहमी मागील बाजूने, कोठीकडून साफ करावी, म्हणजे गज तोंडाच्या कडेस घासत नाही.