हांडेल व राजा पहिला जॉर्ज : एका आख्यायिकेचा विचार

परमुलुखांत जाऊन कीर्ति संपादणाऱ्या संगीतकारांत जॉर्ज फ्रेडरिक हांडेल अग्रगण्य होय. सन १६८५ त जर्मनींतील हाल्ले येथें जन्मलेला हा पुरुष हांबुर्ग व इटली येथें लौकिक मिळवून सन १७१० त हानोव्हरच्या इलेक्टराच्या पदरीं राहिला. त्याच सालाच्या अखेरीस तो लंडनास गेला, तेथें ता. २४ फेब्रुवारी १७११ रोजीं झालेलें ‘रिनाल्दो’ हें त्याचें संगीत नाटक लोकप्रिय झालें. सन १७१२ त तो पुन्हां रजेवर गेला, तो परतला नाहीं. आणि सन १७१४ त त्याचा जुना धनीच इंग्लंडचा राजा झाला!

पुढील कथा मेनवेरिंगनें सन १७६० त, हांडेलच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, चरित्रांत दिली. राजाच्या रोषामुळें हांडेलला तोंड दाखविण्याची सोय नव्हती. टेम्सवरील नौकाविहारांत त्याचें संगीत ऐकून राजा प्रसन्न झाला, असा तिचा मतलब. ही खरी मानल्यास हांडेलवर नमकहरामीचा डाग बसतो.

परंतु हें बखरीच्या तोलाचें लिखाण असून समकालीन कागद निराळें सांगतात. लंडन येथील हानोव्हरचा वकील क्रायेनबर्ग याच्या सन १७१३ मधील पत्रांवरून हांडेलची नोकरी त्याच सालीं संपविण्यांत आली, परंतु इलेक्टराची त्याजवर इतराजी नव्हती, असें दिसतें. राजा ता. १८ सप्टेंबर १७१४ रोजीं इंग्लंडांत उतरला, ता. २६ रोजीं राजासमक्ष प्रार्थनामंदिरांत हांडेलचेंच स्तोत्र गायिलें गेलें. राणी ॲननें दिलेलें २०० पौंडांचें वर्षासनहि चालू राहिलें. प्रसिद्ध नौकाविहार तर ता. १७ जुलै १७१७ चा. सुमारें ५० वादक होते व राजानें तें संगीत तीन वेळां वाजवविलें, असें दोन दिवसांनंतरचें वृत्तपत्र सांगतें. समेटाचा त्यांत उल्लेख नाहीं. (येथील लंडनच्या तारखा जुन्या इंग्रजी कालगणनेच्या आहेत.) जो आठ दिवसांत राजापुढें सादर झाला, त्यास क्षमेसाठीं नौकेचा आश्रय कशाला ?

हांडेल सन १७२७ त कायद्यानें इंग्लंडचा प्रजाजन झाला व सन १७५९ त तेथेंच वारला. त्याचीं हस्तलिखितें लेखक स्मिथ व त्याचा पुत्र यांच्या हातून राजघराण्याकडे गेलीं. सन १९५७ त तीं ब्रिटिश म्यूझियमला मिळालीं. त्यांत त्या जलसंगीताची संपूर्ण स्वहस्ताची प्रत नाहीं. तथापि वादाचा निकाल संगीताच्या पोथीनें नव्हे, तर वकिलाच्या दप्तरांतील पत्रांनीं लागला. किरकोळ म्हणून एकहि कागद टाकूं नये, तो याचसाठीं.