पंचवीस अंशांचा हिशेब

विहिरीचे पाणी बादलीत उन्हात ठेवले की त्याची विद्युतवाहकता वाढते. क्षार मात्र तेवढेच असतात. पाण्याचा दाटपणा कमी होऊन आयन चपळ होतात, इतकेच. म्हणून मीटर अंशामागे सुमारे २ टक्के धरून २५ अंश सेल्सियसचा आकडा दाखवतो. क्षारयुक्त पाण्याला हे पुरते.

अतिशुद्ध पाण्यात वीज वाहून नेतात ते पाण्याच्याच रेणूंचे आयन, आणि उष्णतेने त्यांची संख्याच वाढते. तिथे हा दर ५ टक्क्यांहून अधिक. दोनाच्या हिशेबाने गरम असताना शुद्ध पाणी नापास होते. थंड असताना मळलेलेही पास होते, आणि माझ्या मते हेच अधिक धोक्याचे. म्हणूनच इंजेक्शनच्या पाण्यासाठी अमेरिकी औषधकोश ही दुरुस्ती बंद ठेवून मोजायला सांगतो: पहिल्या टप्प्याची मर्यादा २५ अंशांना १.३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, ८० अंशांना २.७.