कॅशमध्ये काय आणू नये

8 किलोबाइट. इंटेलने 1989 साली आणलेल्या आय860 या प्रोसेसरची डेटा कॅश एवढीच होती. 8 बाइटचे 1,024 आकडे मावले की जागा संपली. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1991 मध्ये ‘अनुपम’ हा समांतर संगणक उभारला, तो याच प्रोसेसरवर.

आता 1,000 × 1,000 च्या मॅट्रिक्सला 1,000 आकड्यांच्या व्हेक्टरने गुणायचे आहे. मॅट्रिक्स 80 लाख बाइटची, व्हेक्टर 8,000 बाइटचा. व्हेक्टर कॅशमध्ये कसाबसा बसतो, 192 बाइट उरतात. तो हजार वेळा लागतो. मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा मात्र एकदाच. नेहमीच्या लोड इन्स्ट्रक्शनला हा फरक कळत नाही. मॅट्रिक्सची एकेक ओळ आत येते आणि व्हेक्टरला हुसकावते. वाईटात वाईट हिशेब धरला तर प्रत्येक ओळीमागे व्हेक्टर पुन्हा आणायचा, म्हणजे एकूण 1 कोटी 60 लाख बाइटची ने-आण.

आय860 मध्ये यावर पीएफएलडी नावाची इन्स्ट्रक्शन होती. कॅशमध्ये नसलेला आकडा ती मेमरीतून थेट रजिस्टरमध्ये आणते, कॅशला हात लावत नाही. मॅट्रिक्स या वाटेने आणली की ने-आण 80 लाख 8 हजारांवर येते, जवळपास निम्मी. गैरसोय एकच, पण मोठी: मागितलेला आकडा त्यानंतरच्या तिसऱ्या पीएफएलडीला हाती पडतो. कंपायलरला हे फारसे जमत नसे, वेग हवा तर असेम्ब्ली हातानेच लिहायची.

1999 च्या पेंटियम 3 मध्ये ‘प्रीफेच’च्या चार इन्स्ट्रक्शन आल्या. यांत आकडा आधीच मागवून ठेवायचा. कारखान्यात लागणारा माल यंत्र थांबण्याआधी मागवावा, तसा. किती आधी? मेमरीला 100 नॅनोसेकंद लागत असतील, तर 3 गिगाहर्ट्झवर ती 300 सायकल झाली. लूपची एक फेरी 20 सायकलची असेल, तर 15 फेऱ्या आधी. उशिरा मागवले तर थांबणे आलेच. फार लवकर मागवले तर वापरण्याआधीच बाहेर फेकले जाते.

आणि हे 15 दुसऱ्या यंत्रावर चुकते. शिवाय ओळीने येणारा डेटा आजचे प्रोसेसर न सांगताच ओळखून आणतात. 2011 मध्ये लिनक्स कर्नलच्या लिंक्ड लिस्ट फिरवणाऱ्या मॅक्रोंमधून प्रीफेच काढून टाकले गेले, कारण त्याने काम उलट मंदावत होते. मोठ्या हॅश टेबलमध्ये, जिथे पुढचा पत्ता प्रोग्रामलाच ठाऊक असतो, तिथे ते अजूनही लिहिण्याजोगे आहे.