कवळाण्याचा गोपाळ : नशीब की राजकारण?

मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे नाव निघाले की आमच्या नाशिक जिल्ह्यात एकच गोष्ट सांगतात. शेतकऱ्याचे पोर बडोद्याच्या गादीवर बसले, नशीब म्हणायचे! सयाजीराव गायकवाडांविषयी मी बरीच वर्षे वाचतो आहे. मला त्यात नशिबापेक्षा राजकारण अधिक दिसते.

नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष आढळले. संशय मल्हारराव गायकवाडांवर गेला. चौकशीला सहा जणांचे कमिशन बसले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. (दिनकररावांची ग्वाल्हेरची दिवाणगी १८५९ मध्येच सुटली होती, इथे जुना धनी आणि जुना दिवाण एका बाजूला उभे राहिले.) तीन विरुद्ध तीन. सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत केले.

हाच पेच वीस वर्षे आधी पडता तर बडोदे उरले नसते. सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये दत्तक नाकारून खालसा झाले. अवध १८५६ मध्ये गैरकारभाराच्याच नावाखाली गेले. सत्तावन्नच्या उठावाने सरकार शहाणे झाले आणि लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणून राजा काढला तरी गादी ठेवावी लागली, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. शोध कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांच्या घरापर्यंत आला तो असा.

ही शाखा राजकुळातलीच, पण कनिष्ठ मानलेली. गादी तिच्याकडे जाईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. युरोपातही असे घडले आहे. जर्मनीतल्या बाडेन संस्थानात असमान विवाहातून झालेल्या लिओपोल्डला १८३० मध्ये गादी मिळाली, कारण थोरली शाखा खुंटत चालली होती आणि त्याचा हक्क आधीच मान्य करून घेतला होता. कुळाचे नियम पवित्र खरे, पण गरज पडली की वाकतात.

काशीरावांच्या मुलांपैकी गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन त्यांचे नाव सयाजीराव झाले. जन्म ११ मार्च १८६३ चा, म्हणजे वय बारा, आणि अक्षरओळख नसल्यासारखीच. एलियट नावाचा सनदी अधिकारी शिक्षक म्हणून नेमला गेला. दिवाण टी. माधवराव राज्यकारभारावर व्याख्याने देत. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अधिकार हाती आले. आज्ञाधारक संस्थानिक घडवण्याचाच हा बेत होता, असे माझे मत आहे. तो पुरता साधला नाही.

बाराव्या वर्षी धुळाक्षरे गिरवलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागातल्या दहा गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्यात. १९११ मध्ये गोखल्यांनी ब्रिटिश मुलखासाठी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. मल्हाररावांचा कारभार गैर ठरवणाऱ्या सरकारने पुढच्याच वर्षी कौन्सिलातल्या आपल्या बहुमताने ते विधेयक फेटाळले.