उतारवय आणि आठवडी बाजार

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या वनप्रदेशांत भाजी, जवस, चारोळी पुष्कळदां आठवडी बाजारांतूनच घरीं येते. वृद्धांना तेथें चालणें घडतें, चार माणसें भेटतात. उतारवयांत स्नायू क्षीण होतात, न वापरल्यास अधिकच. म्हणून मुलानें सारें सामान घरपोंच आणणें ही सोय खरी, परंतु हितकर नव्हे. मात्र जमिनीवर मांडलेल्या मालापुढें वाकणें गुडघ्यांस जड जातें. कमरेइतके उंच ओटे, सावलींत बांक, पाणी, शौचकूप व पायऱ्यांऐवजीं उतार, एवढें केलें तरी पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या वृद्धस्नेही शहरांविषयींच्या मार्गदर्शिकेंतहि बसण्याच्या जागा व शौचकूप यांस महत्त्व दिलें आहे. टेकण्यास जागा नसेल तर म्हातारा बाजार सोडतो. आणि बाजार सुटला कीं घराचा उंबरठाच त्याची सीमा ठरतो.